जीटी ७, फोर्झा का एसीसी? खऱ्या गाडीसारखं हँडलिंग नक्की कशात आहे

टिळकवाडी_टर्बो

मंडळी नमस्कार. डोक्यात एक किडा वळवळालाय म्हणून विचारतोय, कुणीतरी नीट सांगा, "सगळेच आपापल्या जागी भारी" असलं उत्तर नको.

माझ्याकडं पीएस ५ आहे, ग्रॅन टुरिस्मो ७ (जीटी ७) खेळतोय, लायसन्स टेस्टला बऱ्यापैकी गोल्ड आहेत. आमचा एक मैतर कोल्हापूरला असतो, त्याच्याकडं एक्सबॉक्स सिरीज एस, तो भेटला की एकच रेकॉर्ड लावतोय, जीटीत गाडी आपोआप वळते, खरी फिजिक्स बघायची तर फोर्झा मोटरस्पोर्ट. त्यात भर म्हणून मी सेलमध्ये असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने (एसीसी) घेतली, कारण जिथं बघावं तिथं हीच खरी सिम, म्हणजे खऱ्या ड्रायव्हिंगची नक्कल, असं लिहिलेलं. लावली, मॉन्झाच्या ट्रॅकला गेलो, पहिल्या शिकेनला (पाठोपाठची उलटसुलट वळणं) फुल ब्रेक मारून स्टिक वळवली की गाडी गरकन फिरून तोंड मागं. परत गेलो, परत तेच. जीटीत जीटी३ गाडीनं (रेसच्या गाड्यांचा एक वर्ग) तसंच करून आरामात बाहेर पडतोय मी.

आता बघा, मी रोज स्विफ्ट चालवतोय, मधनं मधनं चोर्ला घाटातनं गोव्याला जाणं होतंय, पावसात जांबोटीच्या पुढं कणकुंबीपर्यंत रस्त्याची काय अवस्था असते ते इथल्या सगळ्यांना माहितीय. गाडी कधी अशी फिरली नाही. मग ज्यात फिरते ते रिअल, का ज्यात फिरत नाही ते? का हे सगळं गेमपॅडमुळं होतंय आणि व्हील घेतलं की सुटणार? सेकंडहँड लॉजिटेक बघालोय, खरं त्यात पैसे घालायच्या आधी कळू दे की नक्की काय मिळणार.


निपाणी_सुसाट

काय मर्दा, स्विफ्ट आणि जीटी३ पोर्शाची बरोबरी करालास व्हय.

माझं मत विचारशील तर हे "अवघड म्हणजे रिअल" खूळ सिमवाल्यांनी पसरवलंय. खरी गाडी लई सोपी असते भावा. आमच्या तवंदी घाटात ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन उतरतो तो काय फिजिक्स शिकून उतरतोय काय. गेम अवघड असतो कारण तुला सीटमधनं काही कळत नाही, पोटात गोळा येत नाही, नुसतं डोळ्यानं बघून चालवायचं. त्यात परत दोन इंचाच्या स्टिकनं.

आम्ही पीएस २ च्या पार्लरला तासावर पैसे देऊन जीटी ४ खेळायचो, २००४-०५ ची गोष्ट, सातशेच्या वर गाड्या त्यात, तवा कुणी विचारलं नाही टायर कुठलं मॉडेल वापरतंय. सध्या फोर्झा होरायझन ५ खेळतोय, २०२५ च्या एप्रिलमध्ये पीएस ५ ला आला तवापासनं. मेक्सिकोतल्या चिखलात जीप घालायची आणि बोंबलत सुटायचं. त्याचं सस्पेन्शन बघ एकदा, खड्ड्यातनं जाताना चाक कसं वरखाली होतंय. पकड जास्त ठेवलीय हे मान्य, खरं गाडीला वजन आहे हे कळतंय त्यात, आणि मला तेवढंच पाहिजे.


उद्यमबाग_काका

निपाणीकर, ट्रॅक्टरवाला फिजिक्स शिकत नाही हे खरं, पण तो ताशी पंधरानं उतरतो हेही सांगायचं की.

टर्बो बाळा, तुझा प्रश्न चांगला आहे, पण तो मांडलास उलटा. गाडी फिरते की नाही यावरून रिअल ठरत नाही. फिरायच्या आधी ती तुला सांगते का, यावरून ठरतं. माझी निम्मी हयात मशीन शॉपमध्ये गेली आणि गेमचा नाद पोरामुळं लागला, त्यामुळं जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वळताना टायर रस्त्याला चिकटून सरळ रेषेत जात नसतो. चाकाचं तोंड एकीकडं असतं आणि गाडी जाते किंचित दुसरीकडं. त्या दोन्हीमधला कोन म्हणजे स्लिप अँगल. रोजच्या चालवण्यात तो एखाद-दोन अंश असतो. कोन वाढेल तशी पकड वाढत जाते, साध्या रोडच्या टायरला ढोबळमानानं सहा ते दहा अंशापर्यंत, आणि त्यापुढं कमी व्हायला लागते. कागदावर आलेख काढलास तर एक टेकडी दिसेल. रोडच्या टायरची टेकडी बुटकी आणि माथ्यावर पसरट, त्यामुळं तो कुरकुरत, आवाज करत, वेळ देऊन सोडतो. रेसिंग स्लिकची टेकडी उंच आणि माथा अरुंद. पकड भरपूर, पण माथ्यावरून पाय सरकला की खाली.

आता तुझी स्विफ्ट. घाटात तू कितीही तडफेनं गेलास तरी वळणात बाजूला ओढणारा जोर ०.३, फार तर ०.४ जी (१ जी म्हणजे गाडीच्या वजनाइतका). त्यापुढं गेला असतास तर मागं बसलेल्यांनी ओकारी काढली असती. कोरड्या डांबरावर रोडचा टायर ०.९ च्या आसपास हात टेकतो. म्हणजे खऱ्या गाडीत तू त्या माथ्याच्या जवळपासही कधी गेलेला नाहीस, आणि जाऊही नकोस. गेममध्ये मात्र प्रत्येक वळणाला तू तिथंच उभा असतोस. मग तुलना कशाची कशाशी करायची?

मॉन्झाला काय होतंय ते सांगतो. टायरकडं पकड ठरलेली असते, ती ब्रेकिंगला दिलीस तर वळायला उरत नाही. शिवाय फुल ब्रेकला गाडीचं वजन पुढं येतं, पुढचे टायर दाबले जातात, मागचे हलके होतात. त्याच क्षणाला तू स्टिक एका टोकाला नेतोस. नाक झटक्यात वळतं आणि हलकं झालेलं बूड बाहेर येतं. एसीसीत जीटी३ गाडीला एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल आहेच, कारण खऱ्या जीटी३ ला ते असतं, पण एबीएसचं काम चाक लॉक होऊ न देण्याचं. बूड सांभाळणं त्याच्याकडं नाही. ब्रेक आधी मार, सरळ रेषेत मार, आणि वळताना ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सोडत आत ने. एवढ्यानं निम्मा त्रास जाईल. सुरुवातीला असिस्टमध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल वाढवून ठेव, मग थोडं थोडं कमी कर. त्यात लाज कसली.

राहिला व्हीलचा प्रश्न. पुढच्या चाकाला स्वतःहून सरळ व्हायचा एक जोर असतो, स्टिअरिंगवर हाताला लागतो तो तोच. आणि गंमत अशी की पकड संपायच्या थोडं आधीच हा जोर कमी व्हायला लागतो. म्हणजे स्टिअरिंग हलकं पडलं की ओळखायचं, टायर माथ्यावर आला. विहिरीत पोहरा सोडताना तो पाण्याला टेकला हे वाकून न बघता दोरीवरूनच हाताला कळतं, तसं हे. पावसात रस्त्यावर साठलेल्या पाण्यावरून गाडी गेली की क्षणभर स्टिअरिंग रिकामं वाटतं ना, हे तू खऱ्या गाडीतही अनुभवलं असशील. चांगल्या फोर्स फीडबॅकमध्ये (व्हीलमधली मोटर हाताला जोर देते त्यात) हे कळतं. गेमपॅडवर कळत नाही, तिथं नुसती थरथर. त्यामुळं गेमपॅडवर बसून तू जी तुलना करतोयस ती फिजिक्सची नाहीच, गेमनं तुझ्या अंगठ्याला किती सांभाळून घेतलंय याची आहे.

आता एक कर. जीटी ७ मध्ये सुरुवातीला जुन्या गाड्यांमध्ये फिट, डेमिओ, अ‍ॅक्वा यातली एक घ्यायला लावतात आठवतंय? फिट म्हणजे आपल्याकडची जॅझ. तिला कम्फर्ट हार्ड टायर घाल. ट्रॅक्शन कंट्रोल शून्य, एएसएम (गाडी आपोआप सावरणारी मदत) बंद, काउंटरस्टिअर असिस्ट बंद. बोनेट कॅमेरा लाव. ओल्या ट्रॅकवर जा आणि वळणात मुद्दाम जरा जास्त स्पीडनं शीर. नाक बाहेर जाईल, तू कितीही वळव. आता अ‍ॅक्सिलरेटर सोड, नाक परत आत येईल. हे तुझी स्विफ्टही असंच करेल. लोक जीटीला नावं ठेवतात कारण घरच्या गाडीला स्पोर्ट्स सॉफ्ट टायर घालून सगळ्या असिस्ट चालू ठेवून पळवतात आणि मग म्हणतात गाडी फिरत नाही.


कॅम्प_एक्सबॉक्सवाला

काकांनी टायरचं सगळं सांगितलंच, खरं फोर्झाची बाजू कुणी घेईना म्हणून मी लिहितोय. माझ्याकडं सिरीज एक्स आहे, भावाकडं पीएस ५, त्यामुळं तिन्ही गेम खेळून झालेत, आणि तिन्हीत स्पा फ्रँकोरशाँ आहे त्यामुळं एकाच ट्रॅकवर तुलना करता येते.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जो फोर्झा मोटरस्पोर्ट आला त्याच्या आधी फोर्झात टायर रस्त्याला एकाच बिंदूत टेकतोय असं धरून हिशोब व्हायचा. नव्यात फोर्झा बनवणाऱ्या टर्न १० नं आठ बिंदू केले आणि हिशोब सेकंदाला ६० ऐवजी ३६० वेळा. ऐकायला जाहिरात वाटते खरं कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर) गेलास की फरक कळतोय. फोर्झा ७ मध्ये कर्बवर चाक चढलं की गाडी उगीच उसळायची, यात चाकाचा एक भाग कर्बवर आणि एक रस्त्यावर असला तरी गाडी शहाण्यासारखी जाते.

स्पाला ओ रूजमध्ये खाली उतरून वर चढताना बघ. जीटीत ओ रूजला जरा उचकलास तरी गाडी समजून घेते, सावरायला वेळ देते. फोर्झात शेपूट हलल्याचं आधी कळतं आणि उलट्या बाजूला स्टिअरिंगचा एक छोटा काउंटर मारून सुटतोस. एसीसीत मधेच घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडलास तर संपलं, वजन पुढं गेलं, बूड हलकं झालं, भिंत. खऱ्या ड्रायव्हरला पण तिथं मधेच पाय उचलू नको असंच शिकवतात, त्यामुळं त्या वळणापुरतं मी एसीसीला नंबर देतो.

पण गेमपॅडवर म्हणशील तर माझ्या मते फोर्झा पहिला. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला ट्रिगरमध्येच वेगळ्या मोटर आहेत, मागची चाकं सुटली की उजव्या बोटाला कळतंय, ब्रेक जास्त झाला की डाव्या. पीएस ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरचं उलट आहे, त्यात ट्रिगर कडक होतो, एबीएस लागलं की बोटाला धक्के देतो. ते पण झकास आहे, जीटीत ब्रेकिंग शिकायला मला त्याचाच उपयोग झाला. स्टिअरिंग मात्र दोन्हीकडं अंगठ्यावर. तू स्टिक झटक्यात टोकाला नेलीस तरी गेम आत चाकं हळूहळू वळवतो, स्पीड जास्त असेल तर अजून कमी वळवतो. फोर्झात सिम्युलेशन स्टिअरिंग चालू केलंस की ही गाळणी बरीच कमी होते आणि मग तुझ्या त्या कोल्हापूरच्या मित्राला विचार तो ते चालू ठेवून खेळतो का. नव्वद टक्के खात्री आहे नॉर्मलवर असणार. आणि रिवाइंड (चुकलं की मागं जायची सोय) पण चालू असणार.

एक कुरकुर. तिन्ही गेममध्ये फोर्झा दिसायला सगळ्यात कोरडा वाटतो मला, गाड्या बऱ्याच, पण जीटीसारखं गाडीवरचं प्रेम त्यात दिसत नाही. जीटी बनवणारा यामाउची नावाचा माणूस १९९७ पासनं एकच गेम घासत बसलाय ते जाणवतंच.


खानापूर_रॅली

सगळे डांबरावरच भांडालेत. मातीवर या की.

डर्ट रॅली २.० घे टर्बो, २०१९ चा आहे, पीएस ४ ची आवृत्ती पीएस ५ वर चालते. गेमपॅडवर खऱ्या गाडीचं वजन शिकायचं असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही, कारण मातीवर गाडी कायम घसरतच असते, सगळं डांबरापेक्षा जरा संथ होतं आणि अंगठ्याला वेळ मिळतो. वळणाच्या आधी उलट्या बाजूला हलका झोल द्यायचा, मागचं टोक सैल करायचं, मग आत टाकायची. पावसाळा संपल्यावर आमच्या जंगलातल्या लाल मातीच्या रस्त्यावर बाईक घातलेल्या कुणालाही कळेल की पुढचं चाक कधी खोल रुततं आणि कधी वरच्या खडीवर सरकतं. त्या गेममध्ये तर तू उशिरा स्टार्ट घेतलास की आधीच्या गाड्यांनी रस्ता उकरून ठेवलेला असतो, चाकोऱ्या पडलेल्या असतात.

डांबरावर मात्र त्याची गाडी जरा तरंगल्यासारखी वाटते हे मान्य करतो.

आणि एक गोष्ट कुणीच विचारली नाही. टीव्ही कुठला आहे आणि गेम मोड चालू आहे काय? आमच्या चुलत भावाचं असंच व्हायचं, म्हणायचा गाडी उशिरा वळते, अंडरस्टिअर (नाक वळणाबाहेर जाणं) लई आहे, सेटअप बदलून बदलून दमला. टीव्हीत ते पिक्चर गुळगुळीत करायचं सेटिंग चालू होतं, बटण दाबल्यापासनं पडद्यावर दिसेपर्यंत मध्ये वेळ जात होता. गेम मोड लावला, अंडरस्टिअर गेला. एसीसीसारख्या गेममध्ये बूड बाहेर आल्यावर पकडायला निमिषभर असतोय, त्यातला अर्धा टीव्हीनं खाल्ला तर तू काय पकडणार.


निपाणी_सुसाट

काका, ते स्लिप अँगलचं पटलं. आमच्या डोक्यात कायम असं होतं की घसरली म्हणजे पकड संपली. थोडी घसरतानाच जास्त पकडते हे नवीन कळलं.

खरं माझा मुद्दा तिथंच आहे बघा, मग खऱ्या गाडीसारखं हवंय कुणाला? खरी गाडी ०.३ वर चालवतोय आपण. गेम घेतोय ते ०.९ च्या पुढचं बघायला. तिथं रिअल काय हे आपल्यापैकी कुणी अनुभवलेलं नाही, सगळे ऐकीव.


उद्यमबाग_काका

बरोबर बोललास, आणि म्हणूनच एक नियम पाळावा: जे अनुभवलंय तिथून सुरू करायचं. जॅझ, स्विफ्ट, एमएक्स-५ असल्या साध्या गाड्या कमी पकडीच्या टायरवर. त्या गेमनं तिथं खोटं केलं तर आपल्याला लगेच कळतं. तिथं खरं बोलला तर पुढं जीटी३ बद्दल जे सांगेल त्यावर थोडा विश्वास ठेवायचा. माझ्या हिशोबानं साध्या गाड्यांत जीटी ७ या परीक्षेत पास होतो, होरायझन मजेशीर आहे पण पकडीत उदार आहे. एसीसीत साध्या गाड्याच नाहीत, त्यामुळं परीक्षाच घेता येत नाही. जुनी असेटो कोर्सा, २०१६ ला कन्सोलवर आलेली, तिच्यात आहेत. मेनू भिकार, दिसायला जुनाट, पण साध्या रोडच्या गाडीचं हँडलिंग आजही तिच्यात ऐकण्यासारखं आहे. फक्त ती गेमपॅडवर नको, व्हील आल्यावर लाव.

आणि जीटीबद्दल एक सांगायचं राहिलं. २०२४ च्या जुलैमध्ये १.४९ अपडेट आलं त्यात सस्पेन्शनचं वागणं बदललं. तेव्हा काही गाड्या रस्त्यावरून उसळून पार आकाशात जायच्या, ते व्हिडिओ तुम्ही बघितलेच असतील, मग पॅच आला. सांगायचं कारण असं की नेटवर जीटी ७ बद्दल २०२२-२३ ला लिहिलेली मतं आज जशीच्या तशी धरू नका.


टिळकवाडी_टर्बो

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काका, फिटवाला प्रयोग केला. कम्फर्ट हार्ड घालून ओल्या ट्रॅकवर पहिल्याच वळणात सरळ गवतात. खरं अ‍ॅक्सिलरेटर सोडला की नाक आत येतंय ते इतकं स्विफ्टसारखं वाटलं की मी मुद्दाम तेवढंच करत बसलो. एसीसीत ब्रेक आधी आणि सरळ मारून, कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये स्टिअरिंगची सेन्सिटिव्हिटी पण कमी केली, आता मॉन्झाचा पहिला शिकेन निघतोय. दुसऱ्याला अजून वाळूत जातोय. टीव्हीचा गेम मोड बंदच होता खानापूरकर, तुमच्या पाया पडतो.

कॅम्पवाले, मैतराला सिम्युलेशन स्टिअरिंगचं विचारलं. विषय बदलला त्यानं.

आता व्हीलचं. एका ग्रुपवर दोन मिळालेत, लॉजिटेक जी २९ आणि जी ९२०, साधारण एकाच भावात, ९२० दिसायला जास्त कोरा आहे. दोन्ही ९०० डिग्री फिरतात म्हणे. ९२० घेऊ काय?


कॅम्प_एक्सबॉक्सवाला

थांब थांब थांब! ९२० एक्सबॉक्स आणि पीसीचा आहे, पीएस ५ ला लागणार नाही. २९ च घे.

बघायला जाशील तेव्हा एवढं बघ. चालू केल्यावर व्हील स्वतःहून दोन्ही टोकांना फिरून मध्ये येतं, ते करताना कुठं अडकतं काय. आतमध्ये गिअर आहेत त्यामुळं खडखड आवाज येणारच, तो दोष नाही, रात्री घरचे ओरडतील तेवढं धरून चाल. महागड्या डायरेक्ट ड्राइव्हवाल्यात तो आवाज नसतो, खरं त्या पैशात आपली दिवाळी होते. ब्रेकचं पेडल दगडासारखं लागेल, त्यात रबराचा ठोकळा असतो, काही जण काढून टाकतात, तू महिनाभर तसाच वापर, पाय सवय करून घेतोय. बारीक लाकडाच्या टेबलाला क्लॅम्प लावू नकोस, टेबलच हलतं आणि फीडबॅक सगळा टेबलाला मिळतो. आणि तीन पेडल असली तरी गिअरचा दांडा वेगळा विकत मिळतो, विकणारा "सोबत होता पण हरवला" म्हणाला तर ऐकू नकोस, तो बॉक्समध्ये नसतोच.


उद्यमबाग_काका

पेडलचं अजून एक. २९ च्या पेडलमध्ये पेडल किती दाबलंय ते मोजणारे पोटेन्शिओमीटर आहेत, जुने झाले की आत धूळ बसते. विकणाऱ्याच्या घरी कन्सोल असेल तर रेस लावायला सांग आणि ब्रेक अगदी हळू दाबत जा. पडद्यावरची ब्रेकची पट्टी सलग वर गेली पाहिजे. मधेच उड्या मारत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बहुतेक वेळा सुटतं, मी करून देतो, उद्यमबागेत शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो. पण विकणाऱ्याला हे सांगू नकोस, आधी पाचशे-हजार तरी भाव पाड.